एकसष्ट वेळा आलेलं पत्र
(स्नेहमेळाव्याच्या दुपारच्या सत्रात केलेलं भाषण. छापण्यापूर्वी दोन-चार वाक्यं सरळ केली आहेत, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

व्यासपीठावर बसलेले आदरणीय सर आणि बाई, आणि दहावी १९८८ च्या तिन्ही तुकड्यांमधल्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

जेवणानंतरचं पहिलं भाषण कुणालाच नको असतं. संयोजकांनी ते माझ्या गळ्यात टाकलं. "तू काय काम करतोस ते आम्हाला पस्तीस वर्षांत कळलेलं नाही, वीस मिनिटांत सांग," असं ते म्हणाले. माझ्या आईलाही ते शेवटपर्यंत कळलं नव्हतं. "कॉम्प्युटरमधलं पोस्ट सांभाळतो," असं ती शेजारणींना सांगायची. याहून चांगली व्याख्या मला आजवर सापडलेली नाही. पत्रं ज्या यंत्रांतून जातात ती यंत्रं चालू ठेवायची, आणि एखादं पत्र अडकलं की का अडकलं ते शोधायचं, हे माझं काम. सत्तावीस वर्षं मी तेच करतोय.

या कामातल्या एकाच बिघाडाबद्दल मी आज बोलणार आहे. तो बिघाड तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला आहे. २००९ ची दिवाळी आठवा. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री आपल्या वर्गाच्या मेलिंग लिस्टवर एकच शुभेच्छापत्र पुन्हा पुन्हा येत राहिलं होतं.

हसलात ना? आठवलं म्हणजे. आणि पत्र कुणाचं होतं, त्याला त्यानंतर काय नाव पडलं, तेही आठवलं असणार. ते नाव मी इथे घेणार नाही. त्याचं खरं नावही घेणार नाही. ही गोष्ट सांगायला त्यानं परवानगी दिली ती याच अटीवर, की स्मरणिकेत त्याचं नाव छापलं जाऊ नये. सातवीपासून दहावीपर्यंत तो माझ्या बाकावर बसायचा, एवढं चालेल.

आधी थोडं शास्त्र सांगतो. विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत, चुकलं तर त्या थांबवतीलच.

आपल्या वेळी पोस्टात पत्र टाकलं की निघालेल्या गावाचा शिक्का पडायचा आणि पोचलेल्या गावाचा पडायचा. ई-मेलचंही तसंच आहे. पत्र ज्या ज्या यंत्रातून जातं ते प्रत्येक यंत्र पत्राच्या माथ्यावर आपला एक शिक्का मारतं, तारीख-वेळेसकट. त्या ओळीला 'रिसीव्ड' म्हणतात. तुम्हाला ती दिसत नाही, कारण मेलचा प्रोग्रॅम ती लपवतो, पण 'मूळ पत्र दाखवा' असं कुठेतरी एक बटण असतं. ते दाबलं की सगळा प्रवास उघडा पडतो. वाचायचा खालून वर. सगळ्यांत खालचा शिक्का पहिला, वरचा शेवटचा.

आता समजा, क या यंत्राला सांगून ठेवलंय की या माणसाची पत्रं ख कडे पाठव, आणि ख ला सांगून ठेवलंय की क कडे पाठव. झालं. न्हाव्याच्या दुकानात समोरासमोर दोन आरसे असतात, तसं. खुर्चीत बसलं की आपलं डोकं आरशात, त्या आरशाचा आरसा या आरशात, मोजताच येत नाही. पत्र दोघांमध्ये फिरत राहतं आणि यंत्राला कंटाळा येत नाही.

हे होणार हे जुन्या लोकांना माहीत होतं. इंटरनेटवरच्या टपालाचे नियम जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून काढले. म्हणजे आपण पाचवीत होतो तेव्हा. त्यातच एक फार शहाणी सूचना आहे. पत्र पोचलं नाही तर 'पोचलं नाही' असं सांगणारं पत्र पाठवणाऱ्याकडे परत जातं. पण तेही पोचलं नाही तर? मग 'पोचलं नाही हे पोचलं नाही' असं तिसरं पत्र, मग चौथं. म्हणून परत जाणाऱ्या पत्राच्या पाकिटावर पाठवणाऱ्याचा पत्ता कोराच ठेवायचा. परतीचा पत्ता नाही, तर परत जाणार कुठे? ते तिथेच संपतं. इतक्या वर्षांत मला याहून साधी युक्ती दिसलेली नाही.

दुसरी युक्ती शिक्के मोजायची. पत्रावर शिक्के फार झाले की ते फिरतंय असं समजायचं आणि थांबवायचं. सेंडमेल नावाचा जुना प्रोग्रॅम पंचवीस शिक्क्यांना थांबतो, पोस्टफिक्स पन्नासला. २००८ च्या नियमात म्हटलंय की मर्यादा मोठी ठेवा, शंभर तरी, नाहीतर सरळमार्गी पण लांबून आलेलं पत्र उगाच मारलं जाईल.

तिसरी गोष्ट मेलिंग लिस्टची. एका पत्त्यावर पत्र टाकायचं, यंत्र ते यादीतल्या सगळ्यांना वाटणार. १९८६ साली पॅरिसमध्ये शिकणाऱ्या एरिक थॉमस नावाच्या विद्यार्थ्यानं लिस्टसर्व्ह लिहिलं, तेव्हापासून हे काम माणसाच्या हातून यंत्राकडे गेलं. आपली यादी मेलमन नावाच्या प्रोग्रॅमवर चालायची. यादीत फिरणं हे जास्त धोक्याचं, कारण प्रत्येक फेरीला एक पत्र नाही, शंभर-सव्वाशे पत्रं निघतात. म्हणून मेलमन आपल्या हातून गेलेल्या प्रत्येक पत्रावर एक जादा खूण करून ठेवतो: 'हे इथे येऊन गेलंय.' तीच खूण घेऊन पत्र पुन्हा दारात आलं की ते आत घेत नाही.

एवढे बंदोबस्त असताना आपलं पत्र एकसष्ट वेळा कसं आलं?

आपली यादी सुरू झाली २००१ साली, एका फुकट मिळणाऱ्या गट-सेवेवर. तिचं नाव घेत नाही, तिचा दोष नव्हता. पत्रांखाली जाहिराती यायच्या, त्यावरून तक्रारी व्हायच्या, म्हणून २००९ च्या ऑक्टोबरात मी भाड्यानं एक छोटा सर्व्हर घेतला आणि यादी तिथे हलवली. १२६ जण. पण काही मंडळी जुन्या गटातच राहिली. 'मला नवीन काही नको,' म्हणणारे आपल्यात कमी नाहीत. सवयीनं जुन्याच पत्त्यावर लिहिणारेही होते. दोन गावं, दोन पोस्टं. इकडचं तिकडे कळेना.

मग मी एक हुशारी केली. जुना गट नव्या यादीचा एक सभासद केला आणि नवी यादी जुन्या गटाची सभासद केली. म्हणजे कुणीही कुठेही लिहावं, सगळ्यांना मिळावं. बघा, आरसे समोरासमोर लावले. आणि हे मी केलं, सत्तावीस वर्षांतली तेरा तेव्हा पूर्ण झाली होती, मी नवखा नव्हतो. मेलमनची खूण आहे ना, ती अडवेलच, असं मनात धरलं.

मी हे केलं आणि जुन्या पत्त्यावर एक चाचणीचं पत्र टाकून पाहिलं. मेलमननं ते अडवलं! त्याचा एक नियम असतो: पत्राच्या 'प्रति' या ओळीत यादीचा स्वतःचा पत्ता नसेल तर ते पत्र मंजुरीसाठी बाजूला ठेवायचं. जुन्या गटातून येणाऱ्या पत्रावर 'प्रति' जुना गटच असणार. यंत्र मला सांगत होतं, बाबा रे, हे तुझ्या नावचं नाही. मी काय केलं असेल? तो नियम बंद केला. दिवाळीची घाई, बायको फराळाच्या डब्यांसाठी हाका मारतेय, आणि एका टिकमार्कनं काम होतंय. केलं बंद आणि उठलो. तेव्हा संध्याकाळचे सात वाजले होते.

नऊ वाजता आपल्या मित्राचं पत्र आलं. दिवाळीच्या शुभेच्छा, आणि खाली एक ओळ: उद्यापासून आठवडाभर गावी जातोय, ऑफिसला सुट्टी. त्या जोडणीनंतर यादीवर आलेलं हे पहिलंच पत्र.

ते नव्या यादीतून सगळ्यांना गेलं, जुन्या गटालाही गेलं. जुन्या गटाची सेवा पत्र जसंच्या तसं पुढे ढकलत नसे. ती माथ्यावरचे सगळे शिक्के पुसायची, ओळखीच्या नसलेल्या खुणा काढायची, 'प्रति'मध्ये स्वतःचा पत्ता घालायची आणि कोऱ्या पाटीनं पत्र पाठवायची. शिक्के मोजणारा पोस्टफिक्स पाहतो तर दोन-तीनच शिक्के. खूण शोधणारा मेलमन पाहतो तर खूणच नाही. आणि 'प्रति'वरून अडवणारा जो शेवटचा दरवाजा होता त्याची कडी मी संध्याकाळी स्वतःच्या हातानं काढलेली. साडेचार मिनिटांत एक फेरी. प्रत्येक फेरीला १२६ पत्रं.

मला पहिला फोन आला साडेदहाला. नंतर फोन मोजले नाहीत. कुणाची ऑफिसची मेलपेटी भरली, कुणाचा साहेब ओरडला. आपला एक वर्गबंधू तेव्हा न्यू जर्सीत होता, तिथे दुपार. त्यानं रात्री एकला यादीवरच लिहिलं, 'प्लीज थांबवा हे.' अर्थात तेही फिरू लागलं.

आता माझी चूक सांगतो. जोडणीची चूक सांगितली ती नव्हे, तशी कुणाकडूनही होते. दुसरी.

यादीत पत्रं फिरायचे मुख्य प्रकार दोन. एक आत्ता सांगितला तो, एकच पत्र गोल फिरतं. दुसरा प्रकार ऑटो-रिप्लायचा. माणूस सुट्टीवर जाताना मेलला सांगून जातो, 'मी नाही, सोमवारी भेटू' असं उत्तर देत जा. यादीचं पत्र त्याच्याकडे गेलं की त्याचं यंत्र यादीलाच उत्तर देतं, ते उत्तर सगळ्यांबरोबर त्यालाही जातं, त्यावर त्याचं यंत्र पुन्हा उत्तर देतं. नीट लिहिलेले प्रोग्रॅम असं करत नाहीत. युनिक्सवर व्हेकेशन नावाचा जुना प्रोग्रॅम आहे, तो एका माणसाला आठवड्यातून एकदाच उत्तर देतो आणि घाऊक टपालाला उत्तर देतच नाही. २००४ साली याचेही नियम लिहिले गेले, आपोआप निघालेल्या पत्रावर तसं स्पष्ट लिहावं म्हणून. पण ऑफिसांमधून वाट्टेल ते प्रोग्रॅम असतात.

हे दोन प्रकार वेगळे ओळखायचे कसे? अगदी सोपं आहे. प्रत्येक पत्राला जन्मताना एक नंबर मिळतो, मेसेज-आयडी. दोन पत्रांना तोच नंबर सहसा नसतो. पंधरा पत्रं समोर घ्यायची आणि नंबर पाहायचे. नंबर तोच असेल तर एकच पत्र फिरतंय, म्हणजे रस्त्यात गडबड आहे. नंबर वेगळे असतील तर कुणीतरी दर वेळी नवं पत्र लिहितंय, म्हणजे माणसाच्या दारात गडबड आहे. एवढंच. मी नव्या मुलांना कामावर घेतो तेव्हा पहिल्या दिवशी हे शिकवतो. तेव्हाही शिकवायचो.

त्या रात्री मी ते पाहिलं नाही.

दीड वाजला होता. मी पाहिलं काय, तर पाठवणाऱ्याचं नाव, साठ वेळा तेच. आणि त्याच पत्रात 'उद्यापासून सुट्टी'. माझ्या डोक्यात चित्र पूर्ण झालं: यानं ऑटो-रिप्लाय लावलाय. मी त्याला यादीतून काढून टाकलं. आणि पत्र थांबलं. लगेच. पुढच्या साडेचार मिनिटांत आलंच नाही.

का थांबलं ते आज सांगतो. यादीचा सभासद नसलेल्या माणसाचं पत्र मेलमन मंजुरीसाठी अडवतो. फिरणाऱ्या पत्रावर नाव त्याचं. त्याला मी सभासद ठेवलंच नव्हतं. म्हणून ते दारात अडलं. त्याच्याकडे ऑटो-रिप्लाय असो नसो, ते अडणारच होतं.

गणिताचे सर, तुम्ही मला आठवीच्या सहामाहीत एका गणिताला शून्य दिलं होतंत. उत्तर बरोबर होतं. मी पेपर घेऊन भांडायला आलो तेव्हा तुम्ही म्हणालात, उत्तर बरोबर आलंय, पण या रीतीनं ते यायला नको होतं, म्हणजे कुठेतरी दोन चुका आहेत. मला त्याचा इतका राग होता की ते वाक्य पाठ झालं. त्या रात्री मात्र आठवलं नाही.

खरं तर पुरावा डोळ्यांसमोर होता. न्यू जर्सीकराचं 'प्लीज थांबवा' तोवर पुन्हा पुन्हा येतच होतं. मी समजलो, चिडलाय, पाठवतोय. तेरा वेळा आलं ते. चिडलेला माणूस तेच वाक्य तेरा वेळा पाठवेल, पण 'प्लीज'मधली टायपिंगची तीच चूक तेरा वेळा करेल का? दोन वाजता मी यादीकडे येणारं सगळंच टपाल नाकारायचा हुकूम दिला आणि झोपलो. सकाळी आठला दार उघडलं, सगळं शांत. ते शांत झालं त्याचंही कारण वेगळंच. रात्रभर आमच्या दारातून नकार मिळाल्यामुळे जुन्या गटाच्या सेवेनं नव्या यादीचा पत्ता 'पोचत नाही' असं ठरवून आपोआप बंद केला होता. एक आरसा पडला. मला वाटलं, मी बरा केला.

मग मी यादीवर जे लिहिलं ते तुमच्यापैकी काहींनी अजून जपून ठेवलं असेल. 'कालच्या फटाक्यांच्या माळेचे मानकरी' असं सुरू होतं ते. त्याचं नाव, त्याच्या ऑफिसचा ऑटो-रिप्लाय, आणि वर विनोद. तुम्ही त्यावर विनोद केलेत. टोपणनाव पडलं. पंचविसाव्या वर्षाच्या मेळाव्यात त्या टोपणनावाची एकांकिका झाली, तो नसताना. मी पहिल्या रांगेत बसून हसलो होतो.

नोव्हेंबरात मी त्याला फोन केला. म्हटलं, ऑटो-रिप्लाय काढलास का, तुला पुन्हा यादीत घेतो. तो म्हणाला, "नको." मी म्हटलं, अरे गंमत होती. तो म्हणाला, "हो." आणि फोन ठेवला. मला वाटलं, ओशाळलाय.

त्यानंतर तो कुठल्याच मेळाव्याला आला नाही. २०१३ ला नाही, २०१८ ला नाही. आपण म्हणायचो, त्याला शिंगं फुटली.

२०१८ च्या डिसेंबरात तो सर्व्हर बंद करायचा ठरला. सगळे व्हॉट्सॲपवर गेले होते, यादीवर महिन्याला एखादं पत्र. बंद करण्यापूर्वी सगळ्या जुन्या पत्रांचं एक संग्रह-दफ्तर करावं, म्हणून मी बसलो. एकच पत्र दोनदा असेल तर एक ठेवायचं, असा छोटा प्रोग्रॅम लिहिला. ओळखायचं कशावरून? अर्थात मेसेज-आयडीवरून. प्रोग्रॅमनं शेवटी हिशोब छापला. एका नंबरची एकसष्ट पत्रं.

मी त्या आकड्याकडे बराच वेळ बघत बसलो. रात्रीचे अकरा वाजले असतील. एकसष्ट पत्रं, नंबर एक, तारीख एक, नऊ वाजून चार मिनिटं. त्यानं पत्र एकदाच पाठवलं होतं. बाकीच्या साठ वेळा ते मी पाठवलं.

मग मी सगळंच उकरायला लागलो. मेलमन एखादं पत्र अडवतो तेव्हा व्यवस्थापकाला एक सूचना पाठवतो, आणि अडवलेलं पत्र त्या सूचनेला जोडलेलं असतं. अडवलेल्यांत बहुतेक सगळा स्पॅम, लॉटरी आणि औषधं, म्हणून त्या सूचना न वाचता एका फोल्डरमध्ये जातील अशी सोय मी करून ठेवली होती. आणि आठवड्यातून एकदा एका बटणानं अडकलेली सगळी पत्रं फेकून द्यायचो. ऑक्टोबर २००९ च्या त्या आठवड्यात सत्तरेक होती. त्यांत त्याचं नाव दोन ठिकाणी दिसल्याचं मला अंधुक आठवतंय. वाटलं, अजून याचा भोंगा चालूच आहे. बटण दाबलं.

पत्रं गेली, पण सूचना फोल्डरमध्ये होत्या. नऊ वर्षं, न उघडलेल्या. पहिली, त्या फिरणाऱ्या पत्राची. दुसरी भाऊबीज झाल्यावरची. जोडलेलं पत्र उघडलं. तालुक्याच्या सायबर कॅफेतून लिहिलेलं, मराठी टाइप करता येत नव्हतं म्हणून रोमन अक्षरांत. पाच ओळी. पाडव्याच्या पहाटे दादा गेले. तेरावा अमुक तारखेला गावी आहे. ज्यांना जमेल त्यांनी यावं, दादांना तुम्हा सगळ्यांची आठवण होती. सरांना कुणीतरी कळवा.

दादा कोण, हे अ तुकडीला सांगायला नको. नववीची सहल त्यांच्याच गावाला गेली होती. बस बंद पडली आणि आपण चाळीस मुलं एक रात्र त्यांच्या पडवीत झोपलो. दादांनी रात्री बाराला चूल पेटवून पेज करायला लावली, सकाळी घावणे. बाईंना ताप होता, त्यांना स्वतःची खाट दिली. जाताना प्रत्येकाच्या हातात दोन-दोन आंबोशी.

म्हणजे त्याच्या बाजूनं हिशोब कसा झाला ते बघा. त्यानं शंभर-सव्वाशे मित्रांना वडील गेल्याचं कळवलं. एकही आला नाही, एकाचंही पत्र नाही. महिन्यानं परत आला तर कुणीतरी मोठ्या उत्साहानं त्याच्यावरचे विनोद त्याला दाखवले. आणि मी फोन करून विचारलं, ऑटो-रिप्लाय काढलास का.

यंत्रात काही हरवलं तर माझ्या धंद्यात त्याला 'डेटा लॉस' म्हणतात, आणि त्याचा अहवाल लिहावा लागतो. काय झालं, कधी, कुणामुळे, पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं. मी असे अहवाल पुष्कळ लिहिलेत. हा लिहायला बसलो तर दुसऱ्या ओळीच्या पुढे सरकेना.

म्हणून रविवारी त्याच्या घरी गेलो. फोन न करता, कारण फोनवर त्यानं नको म्हटलं असतं. दार त्यानंच उघडलं. केस पांढरे. "ये," म्हणाला. मी दोन कागद छापून नेले होते, एकावर एकसष्ट ओळी, दुसऱ्यावर त्याचं पत्र. समजावून सांगायची तयारी करून गेलो होतो, आरसे वगैरे. त्यानं पहिला कागद बाजूला ठेवला, दुसरा वाचला. चष्मा काढून पुन्हा वाचला. मग म्हणाला, "म्हणजे माझं पत्र पोचलंच नव्हतं?"

मी म्हटलं, "माझ्यापर्यंत पोचलं होतं. पुढे गेलं नाही."

तो आत गेला. मला वाटलं, आता परत येत नाही. आला तो चहा घेऊन. बराच वेळ आम्ही मुलांबद्दल बोललो. निघताना पायऱ्यांवर तो म्हणाला, "नऊ वर्षं मी तुमच्यावर उगाच रागावलो." मी म्हटलं, माझ्यावर उगाच नाही. त्यावर तो काही बोलला नाही. मला ते बरं वाटलं.

बंद व्हायच्या आदल्या रात्री त्या यादीवरून शेवटचं पत्र गेलं ते त्याचं. त्याला विचारून मी ते सूचनेतून बाहेर काढलं, त्याला पुन्हा सभासद केलं आणि सगळ्यांना सोडलं. जसं होतं तसं, एका अक्षराला हात न लावता. आणि तिथे मी पुन्हा चुकलो. पत्रावरची तारीख जुनीच होती. ज्यांचा मेलचा प्रोग्रॅम पत्रावरची तारीख बघून रांग लावतो, त्यांच्याकडे ते वर आलंच नाही. ते मुकाट्यानं ऑक्टोबर २००९ मध्ये, आपल्या जागी जाऊन बसलं. काहींचे जुने पत्ते तोवर बंद झालेले. चार जणांनी उत्तर दिलं, त्यात एक सर होते. बाकीच्यांनी पाहिलं नाही असं मी धरून चाललोय, आणि म्हणून आज हे जेवणानंतरचं भाषण मी घेतलं. संयोजकांनी माझ्या गळ्यात टाकलं असं सुरुवातीला म्हटलं ते खोटं होतं. मीच मागून घेतलं.

घरी गेल्यावर जुनी मेलपेटी उघडता येत असेल तर मागे जाऊन पाहा. पाडव्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत, एकसष्ट शुभेच्छांच्या थोडं वर ते पत्र असेल. उत्तर यादीच्या पत्त्यावर पाठवू नका, तिथे आता कुणी नाही. तो आज आलाय. तिसऱ्या रांगेत खिडकीशी बसलाय, आणि मी त्याच्याकडे बघू नये म्हणून मगापासून पंख्याकडे बघतोय.